रॅटरेसाहेबांची पाखरमोजणी

गावामागच्या राखीव रानात टिटिपोनामू उरलेले नाहीत, असं इनिस रॅटरे यांनी ज्या नोव्हेंबरात लेखी जाहीर केलं, त्याच नोव्हेंबरात त्यांचं सुखाचं निवृत्त आयुष्य आटोपलं. निवृत्त माणसाने काहीही लेखी जाहीर करू नये. तोंडी करावं, म्हणजे पुढे अंगाशी आल्यावर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणायची सोय राहते. पण रॅटरेसाहेबांनी एकोणतीस वर्षं बँकेत काढलेली, त्यातली अकरा मॅनेजरच्या खुर्चीत. न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाच्या त्या गावातून बँकेनं गाशा गुंडाळून जमाना झाला, तरी जी गोष्ट कागदावर नाही ती घडलीच नाही, हा त्यांचा समज कायम होता.

टिटिपोनामू म्हणजे त्या देशातलं सगळ्यात लहान पाखरू. अंगठ्याएवढं, हिरवट, शेपटीच्या नावानं जवळजवळ पूज्य. वजन चमचाभर साखरेच्या थोडं वर. उंच झाडांच्या सालीत किडे शोधत ते असं काही सरसर फिरतं, की दिसणं मुश्कील. त्यामुळे ते आहे हे आवाजावरूनच ओळखायचं. आवाज अगदी बारीक, सुईच्या टोकासारखा. गावच्या रानमित्र मंडळाला या पाखराचा फार अभिमान, कारण आसपासच्या कुठल्याच गावात ते नव्हतं, आणि अभिमान वाटावा असं त्या गावात दुसरं काही नव्हतं.

मोजणीची पद्धत सरकारी. रानात बारा खुंट ठोकलेले. प्रत्येक खुंटापाशी पाच मिनिटं उभं राहायचं आणि त्या पाच मिनिटांत जे पाखरू दिसेल किंवा ऐकू येईल ते लिहायचं. रॅटरेसाहेब सोळा वर्षं ही मोजणी करत होते आणि त्यात त्यांनी स्वतःच्या चार नियमांची भर घातली होती. बोलायचं नाही, खोकायचं नाही, कागदाचा आवाज करायचा नाही, आणि मोजणाऱ्याला काहीही सुचवायचं नाही. त्यांची बायको नोएलीन थर्मास घेऊन मागे उभी असे, पण तिच्यासाठीही सूट नव्हती. टिटिपोनामूंचे आकडे आधी वीसच्या घरात असायचे. मग अकरा आले, मग चार, मग शून्य, आणि पुढच्या वर्षीही शून्य.

“अरे, पण मी परवाच ऐकले की,” नोएलीन म्हणाली. “कपडे वाळत घालत होते तेव्हा.”

“ती चष्मेवाली पाखरं असतील.”

“चष्मेवाले मला ओळखता येतात, इनिस.”

“नोएलीन, हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. यासाठी कान तयार असावा लागतो.”

यावर नोएलीनने उरलेल्या कपड्यांना चिमटे लावले. बेचाळीस वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं थांबायचं हे तिला पाठ झालं होतं.

दोन वर्षं शून्य आलं म्हटल्यावर गाव सल्ला द्यायला धावलं. कुणी म्हणालं मोबाइलचा टॉवर. कुणी म्हणालं दक्षिणेचा वारा बदललाय. शेजारचा डेस टलक म्हणाला, “ऑस्ट्रेलियात गेले असतील. सगळेच जातात. माझी दोन्ही पोरं गेली, पुतणी गेली, आता पाखरं.” डेसनं पस्तीस वर्षं मेंढ्या भादरल्या होत्या, आणि त्या यंत्राच्या घरघरीनं त्याचे दोन्ही कान कामातून गेले होते. त्या गावात साठीच्या पुढचा प्रत्येक धड पुरुष बहिरा होता. कुणी ट्रॅक्टरनं, कुणी करवतीनं, कुणी मेंढ्यांनी. त्याचा कुणाला संकोच नव्हता. उलट ज्याला नीट ऐकू येतं त्यानं जन्मात काय काम केलं असेल, अशी शंका घेतली जाई. रॅटरेसाहेबांना नीट ऐकू येत होतं, आणि ते बँकेत होते.

साहेबांच्या मते गुन्हेगार उघड होते: उंदीर, स्टोट नावाचं ते मुंगसासारखं रक्तपिपासू जनावर, आणि मांजरं. त्यांनी रानातले चाळीस सापळे एकशे दहावर नेले. सापळ्यात शेंगदाण्याचं लोणी लावायचं असतं. त्या हिवाळ्यात गावच्या एकुलत्या दुकानात लोणी शिल्लक राहिलं नाही, आणि शाळेतल्या पोरांच्या डब्यांवरून आयांनी रॅटरेसाहेबांना रस्त्यात गाठलं. सापळ्यांत पहिल्या महिन्यात सापडलेल्यांची यादी अशी: उंदीर एकोणीस, काटेरी हेजहॉग दोन, डेसचा गमबूट एक, आणि साहेबांचा स्वतःचा अंगठा दोनदा. अंगठ्याची नोंदही त्यांनी ‘इतर’ या सदरात केली.

मग मांजरांचा ठराव. गावातली सगळी मांजरं चोवीस तास घरात ठेवावीत असा ठराव त्यांनी गावच्या हॉलमध्ये मांडला आणि तासभर भाषण करून मंजूर करवून घेतला. डेसच्या डचेस नावाच्या लठ्ठ मांजरीला तो ठराव सगळ्यात जास्त लागला. ती पुढची दोन वर्षं डेसच्या खिडकीत बसून रॅटरेंच्या घराकडे बघत राहिली. “ती तुला ओळखते,” डेस ओरडून म्हणायचा. त्याला हळू बोलता येत नसे. “माणूस चुकीचा असला की मांजराला कळतं, इनिस!” साहेब हसून सोडून देत, पण अंगणात जाताना शक्यतो दुसऱ्या बाजूने जात.

एवढं करूनही शून्य काही हलेना. तेव्हा त्यांनी शेवटचा घाट घातला. चाळीस मैलांवरच्या दरीत टिटिपोनामू भरपूर होते. त्यातले तीस पकडून आणून इथे सोडायचे! त्यासाठी सरकारी खात्याचा अडतीस पानी अर्ज. तो तीनदा परत आला. एकदा नकाशा उलटा लावला म्हणून, एकदा सही निळ्या शाईत म्हणून, आणि एकदा कसलंही कारण न देता. चौथ्यांदा खात्याने कळवलं की अर्ज ठीक आहे, मात्र ती दरी तिथल्या ज्या मूळच्या माओरी लोकांची, त्यांचा होकार हवा. होकार रिपेका स्केरेट यांच्या हाती होता. ऐंशीच्या बाई, सगळा मुलूख त्यांना आंटी म्हणे. मार्चच्या पहिल्या शनिवारी आपण गावात येऊ, रान पाहू आणि मग बोलू, असा त्यांचा निरोप आला.

आणि फेब्रुवारीत घात झाला.

सात नंबरच्या खुंटापाशी साहेब एकटेच सापळ्यात लोणी भरत होते. समोर हातभर अंतरावर फांदीवर काहीतरी हललं. टिटिपोनामू! हिरवं, बिनशेपटीचं, खरंखुरं. साहेबांच्या हातातला चमचा गळून पडला. इतक्या वर्षांनी! सापळे फळाला आले! पाखरानं मान वर केली, चोच उघडली, आणि त्याचं सगळं अंग थरथरलं. मग पुन्हा. मग पुन्हा. साहेब बघत राहिले. पाखरू जिवाच्या आकांतानं ओरडत होतं, आणि साहेबांना काहीही ऐकू येत नव्हतं. दूरवर गायी हंबरल्या त्या ऐकू आल्या. स्वतःचा श्वास ऐकू आला. पाखरू मात्र मुकं. शेजारच्या झाडावरून दुसरं आलं, तेही तसंच तोंड उघडून थरथरलं. साहेब ओल्या शेवाळावर मटकन खाली बसले. त्यांना भीती वाटली, आणि मग भीतीपेक्षाही जास्त लाज वाटली.

घरी कुणाला काही बोलले नाहीत. आधी मळ असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. पण कानाचे थेंब मागायला औषधांच्या दुकानात जाणं म्हणजे हॉलच्या फळ्यावर सूचना लावण्यासारखंच. संध्याकाळपर्यंत दारात सल्ले हजर. कोमट ऑलिव्ह तेल घाला. भाजलेल्या कांद्याचा रस पिळा. पोकळ मेणबत्ती कानात उभी करून वरून पेटवा, मळ ओढून घेते. तेलानं उशी खराब झाली. कांद्यानं डोळ्यांतून पाणी आलं. मेणबत्तीनं डाव्या कानावरचे केस जळाले, आणि तेव्हा नोएलीनने बोलायचं ठरवलं.

“झालं? आता डॉक्टरकडे जाशील की चुलीत डोकं घालशील?”

जवळच्या शहरात, इन्व्हरकार्गिलला, कान तपासणारी कर्स्टी नावाची मुलगी होती. तिनं त्यांना एका गादी लावलेल्या पेटीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. “आवाज आला की दाबायचं, इनिस. कितीही बारीक असो.” पहिले काही आवाज आले. मग बराच वेळ काहीच येईना. साहेबांना परीक्षेत नापास व्हायची सवय नव्हती. आवाज साधारण किती वेळानं येतात याचा त्यांनी अंदाज बांधला आणि त्या हिशोबानं बटण दाबू लागले. दहा मिनिटांनी कर्स्टीनं पेटीचं दार उघडलं.

“तुम्ही छान दाबताय. पण मघापासून यंत्र बंद आहे. मी कॉफी आणायला गेले होते.”

मग तिनं टेबलावरचा प्लास्टिकचा कान उघडून दाखवला. बाहेरचा पापडासारखा भाग नुसता आवाज गोळा करतो. आत पडदा. पडदा थरथरला की त्याला टेकलेली तीन हाडं हलतात. आख्ख्या शरीरात त्यांच्याहून लहान हाड नाही. ती तो धक्का गोगलगाईच्या शंखासारख्या एका नळीत पोचवतात. नळीत पाणी. पाण्यात लाट उठते, लाटेनं आतले बारीक बारीक केस वाकतात, आणि केस वाकला की मेंदूला कळतं की काहीतरी वाजलं.

“आता गंमत बघा,” कर्स्टी म्हणाली. साहेबांना त्यात गंमत दिसत नव्हती. “जाड आवाजांचे केस नळीच्या आतल्या टोकाला असतात. बारीक आवाजांचे अगदी दाराशी. आत जाणारी प्रत्येक लाट दारावरून जाते. सत्तर वर्षं सगळी वर्दळ तिथूनच. म्हणून तिथली झीज आधी होते, दारातल्या पायपुसण्यासारखी. तुम्हाला गायी ऐकू येतील, ट्रॅक्टर ऐकू येईल, माझं बोलणंही बरंचसं. पण तुमच्या पाखराचा आवाज पडतो नेमका त्या झिजलेल्या जागी.”

“मग ते केस परत यायला काय करावं लागतं?”

“ते परत उगवत नाहीत.”

साहेबांचा हात नकळत डोक्यावर गेला. तिथलाही अनुभव तोच होता.

“कुणाचेच नाही?”

“माणसांचे नाही,” कर्स्टी म्हणाली. “पक्ष्यांचे उगवतात.”

हे साहेबांना फार लागलं. ज्यांच्यासाठी आपण दोन वर्षं शेंगदाण्याचं लोणी वाहिलं, त्यांच्या कानांना मरेपर्यंत दुरुस्तीची सोय, आणि आपल्याला अडतीस पानी अर्ज.

पुढचा अर्जही लगेच आलाच. कामाच्या आवाजानं कान गेले असतील तर सरकार ऐकायच्या यंत्राचा भार उचलतं. फॉर्ममध्ये रकाना होता: ‘कामाच्या ठिकाणी कोणता मोठा आवाज होता?’ साहेबांनी तीन दिवस विचार केला. शेवटी ‘नाणी मोजायचं यंत्र (फक्त शुक्रवारी)’ असं लिहिलं. उत्तर आलं की हा आवाज पुरेसा नाही, अर्जदाराचे कान वयोमानानुसार गेले आहेत. आख्ख्या गावात नुसत्या वयानं बहिरा झालेला पुरुष एकच. साहेबांनी ते पत्र घडी घालून मोज्यांच्या खणात ठेवलं, आणि यंत्र पदरमोड करून घेतलं.

यंत्र कानात बसलं आणि घर अंगावर आलं. फ्रीज गुरगुरत होता. घड्याळ ठणठणत होतं. टोस्ट चावताना खडी फोडल्याचा भास व्हायचा. स्वतःचा कोट किती बडबडा आहे हे त्यांना त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं. नोएलीन भांडी घासताना गुणगुणते हेही कळलं. ती म्हणाली, नेहमीच गुणगुणते. पण त्यांना हवं होतं ते एकच. दुसऱ्या दिवशी पहाटे ते सात नंबरला गेले आणि तासभर उभे राहिले. पानं वाजली, पाणी ठिबकलं. पाखरू आलंही, फांदीवर थरथरलंही. आवाज नाही. कर्स्टीनं आधीच सांगितलं होतं की इतक्या वरचा आवाज यंत्र आणून देईलच असं नाही. जिथे केसच नाहीत तिथे मोठा आवाज तरी कशाला वाकवणार? तेव्हा ते ऐकायचं नव्हतं म्हणून त्यांनी ऐकलं नव्हतं.

परत येताना मात्र त्यांच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो आल्या आल्या ते दचकून मागे वळून बघू लागले. कुणाला काही सांगायची गरजच काय? ‘टिटिपोनामू परतले’ एवढंच जाहीर करायचं. सापळ्यांमुळे परतले. ठरावामुळे परतले. रॅटरेसाहेबांमुळे परतले! हॉलमध्ये चहा होईल. कदाचित रानाच्या तोंडाशी नावाची लाकडी पाटीसुद्धा लागेल. त्यांनी आभाराचं छोटंसं भाषणही मनात जुळवलं, आणि ते इतकं चांगलं जमलं की त्यांना स्वतःचीच शिसारी आली. कुंपणापाशी आले तर डचेस खिडकीत बसलेली. या वेळी ते दुसऱ्या बाजूने गेले नाहीत, पण तिच्या नजरेला नजरही देऊ शकले नाहीत.

मार्चच्या शनिवारी आंटी रिपेका आल्या. रान हिंडल्या, गुडघा दुखतो म्हणून दोनदा बसल्या, आणि मग हॉलमध्ये सगळं गाव जमलं. चीज रोलची ताटं फिरली. आंटींनी तीन खाल्ले, हात पुसले आणि साहेबांकडे वळल्या.

“तर तुमचं म्हणणं, इथे एकही नाही?”

हॉलमध्ये सगळे साहेबांकडे बघू लागले. यंत्रामुळे त्यांना पंचवीस जणांचं चावणं थांबल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

“कागदावर नाही,” ते म्हणाले.

“कागदाचं नाही विचारत. तुम्ही ऐकलंत ना?”

साहेब उठून उभे राहिले. “आंटी, मी सोळा वर्षं ऐकतोय. त्यातली शेवटची काही वर्षं मला ऐकूच येत नव्हतं. पाखरं आहेत. माझ्या कानांत नाहीत.” मग त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, पेटीतलं बटण आणि शुक्रवारचं नाणी मोजायचं यंत्रही सोडलं नाही. “तुमची पाखरं तुमच्याकडेच राहू द्या. आणि डेस, तुझ्या मांजरीची मी माफी मागतो.”

डेसला शेजाऱ्यानं ते कानात ओरडून सांगावं लागलं. तो उभा राहिला. “म्हणजे माझी डचेस दोन वर्षं तुझ्या कानांपायी कैदेत?” त्याचा चेहरा लालबुंद झाला. मग त्यानं साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आणि बँकेत बसून बहिरा झालास? नुसता बसून? लाजबीज वाटते की नाही रे?” हॉल हसला. साहेब हसले नाहीत, पण खाली बसताना त्यांनी एक चीज रोल उचलला.

आंटी रिपेका चौथा चीज रोल उचलत होत्या. “मी सकाळी पहिल्याच झाडाखाली तीन ऐकले,” त्या म्हणाल्या. “ऐंशी झाली तरी माझे कान अजून आहेत, देवाची कृपा. पण माझ्या काकाची पाखरं अडुसष्टाव्या वर्षी गेली होती. तोही उंदरांना शिव्या द्यायचा. म्हटलं, हा मॅनेजर काय म्हणतो ते आधी बघावं, मग सांगावं.”

“आणि मी खोटं बोललो असतो तर?”

“तर चहा पिऊन गेले असते,” आंटी म्हणाल्या.

नोएलीन हे सगळं चहाच्या भांड्यापाशी उभं राहून ऐकत होती. ‘मी सांगत होते’ असं ती तेव्हा म्हणाली नाही, गाडीत म्हणाली नाही, घरीही नाही. साहेब चार दिवस वाट बघत होते. पाचव्या दिवशी त्यांना ते सहन होईना, आणि त्यांनी स्वतःच विषय काढला.

“नोव्हेंबरात... तू माझ्याबरोबर येशील?”

“दर वर्षी येतेच की.”

“थर्मास घेऊन नाही.”

त्या नोव्हेंबरात ते खुंटापाशी उभे राहिले तेव्हा नोएलीन त्यांच्या मागे नव्हती, शेजारी होती. तिचं बोट त्यांच्या मनगटावर होतं. ऐकू आलं की तिनं दाबायचं आणि त्यांनी लिहायचं, असं ठरलं होतं. पहिल्या सहा खुंटांवर दोनदा दाबलं. सातव्याला ती बराच वेळ नुसतीच वर बघत राहिली. मग बोट दाबलं. मग लागोपाठ दोनदा. साहेबांनी वर पाहिलं, पानांशिवाय काही दिसलं नाही. ‘नक्की?’ हा शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर आला होता. तो त्यांनी गिळला आणि तीन रेघा ओढल्या. नोएलीनचा चेहरा त्यांनी इतक्या जवळून बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. तिला काहीतरी फार सुंदर ऐकू येत होतं हे त्यावरून कळत होतं.

बारा खुंट मिळून तेरा झाले. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी वही उघडली. निरीक्षकाच्या रकान्यात नोएलीनचं नाव घातलं, त्याखाली ‘कारकून’ लिहून स्वतःचं. मग पानं मागे उलटली. बँकेत चुकीचा आकडा खोडून काढायची परवानगी नसते. त्यावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि सही करायची. शून्यावर त्यांनी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: ‘पाखरं होती की नव्हती, सांगता येत नाही. मोजणाऱ्याला ऐकू येत नव्हतं.’ सही. बाकीच्या शून्यांनाही तेच. चारच्या आकड्यालाही तेच. मग पेनाचं टोपण लावलं.

नोएलीन खांद्यावरून वाचत होती.

“अकरालाही लिही,” ती म्हणाली. “तेव्हाही मी सांगितलं होतं.”

साहेबांनी टोपण काढलं आणि आणखी एक पान मागे उलटलं.